भलत्या बाजूचा दात

माणसाचं नाव मी विसरतो, चेहराही विसरतो, पण त्यानं तोंड उघडलं की ओळखतो. चव्वेचाळीस वर्षं कवळ्या करतोय, उगाच नाही. बसथांब्यावर शेजारचा म्हातारा जांभई देतो आणि मला कळतं, अरेच्चा, हे तर आपलंच काम, आणि खालची डावी दाढ जरा घासायची राहिलीय. एकदा तर मी एका अनोळखी बाईला भर रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "बाई, रात्री काढून पाण्यात ठेवत जा, तडा जाईल." तिचा नवरा माझ्या अंगावर धावून आला. लोक मला कवळीवाले म्हणतात, समोर आणि मागेही. त्याचा मला राग येत नाही. राग यायला इतर गोष्टी पुष्कळ आहेत.

काम साधं आहे. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतो आणि दवाखान्यामागच्या, आमच्या घराला लागून असलेल्या खोलीत माझ्याकडे पाठवतो. मी त्यात प्लास्टर ओतून हिरडीचा साचा करतो, साच्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात रोवतो. मग ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायची, ती ट्रायल. काही चुकलं असेल तर इथेच सुधारायचं, कारण मेणातला दात गरम सुरी लावली की हलतो. एकदा पक्की झाली की संपलं. आणि मला सगळ्यात आधी शिकवलं गेलं ते हे, की समोरच्याचं डावं ते आपलं उजवं. शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात इथेच चुकतो आणि शिव्या खातो. मीही खाल्ल्या.

आता हिच्याबद्दल.

हिचा वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. दातावर दात. लग्न ठरवताना सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "मुलगी गुणाची आहे, पण दात एक वाकडा आहे, मागाहून म्हणू नका सांगितलं नाही." तेव्हा मी या धंद्यात नवाच होतो. मी म्हटलं, "काळजी नको, तो मी सरळ करीन." सगळे हसले. ही पण हसली, आणि हसली की तो दात आधी दिसायचा, मग बाकीचे.

पुढे हिच्या हिरड्या खराब झाल्या आणि सात वर्षांपूर्वी वरचे सगळे दात काढावे लागले. मी हिच्यासाठी कवळी केली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. एक दात इकडे नाही की तिकडे नाही. दातांचा रंग निवडायला मी दोन दिवस घालवले. डॉक्टर म्हणाले, "वा, वहिनी पंचवीस वर्षांच्या दिसतील." मी हिला आरसा दिला आणि समोर उभा राहिलो, आता काहीतरी बोलेल म्हणून. हिनं आरशात पाहिलं, ओठ मिटले आणि म्हणाली, "छान झालीय हो." बस, एवढंच. त्यानंतर ही हसायची तेव्हा हात तोंडावर जायचा. पाहुणे आले की हात, टीव्ही बघताना हात. मला वाटलं, वय झालं, लागली असेल सवय. आणि खरं सांगायचं तर मनातून मी जरा दुखावलोही होतो. एवढं जीव तोडून केलं, आणि बाईसाहेब झाकून ठेवतात. पण तक्रार कुणाकडे करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गेल्या वर्षी हिला पोटाचं दुखणं लागलं. आधी गोळ्या, मग तपासण्या, मग मोठ्या डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. तिथेच मला कळलं. त्यांनी महिने सांगितलेच नाहीत, आठवडे सांगितले. मुलगी नोकरीवर रजा टाकून आली आणि आम्ही पलंग बाहेरच्या खोलीत आणून खिडकीशी लावला.

ही इतकी वाळली की कवळी सैल झाली. बोलताना खटखट वाजायची. मी म्हटलं, "आत जरा भर घालून देतो, बसेल घट्ट."

ही म्हणाली, "नको. नवीन करा."

"अगं, पण ही उत्तम आहे."

"उत्तम आहे म्हणूनच नको. मला माझा दात घाला. तो वाकडा. जाताना मला माझ्या तोंडानं जाऊ दे."

जाण्याबद्दल आमच्यात तोवर कुणी उघड बोललं नव्हतं. मी खिडकी लावायचं निमित्त करून उठलो. खिडकी लावलेलीच होती.

डॉक्टर घरी येऊन माप घेऊन गेले. मी साचा केला, मेण चढवलं, तयार दातांची पट्टी काढली. पटाशीच्या शेजारचा दात घेतला, कोपरा घासला, म्हणजे सुळ्यावर नीट चढेल. आणि हात तसाच राहिला. कुठल्या बाजूला?

मी हसलो आधी. हे काय विचारणं झालं? एकेचाळीस वर्षं समोर बसून जेवलो हिच्या. डोळे मिटले. दात उजवीकडे दिसला. पुन्हा मिटले, तर डावीकडे. जितकं आठवावं तितकं दोन्ही खरं वाटायला लागलं. शंभर माणसांच्या तोंडातली कुठली दाढ कुठे किडली होती ते मला पाठ, आणि घरच्या माणसाचा एक दात सांगता येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. हिच्या जुन्या तोंडाचा एक साचा होता माझ्याकडे, पण दर काही वर्षांनी मी जागा करायला जुने साचे फेकतो, त्यात तोही कधीतरी गेला. सगळ्यांबरोबर.

तुम्ही म्हणाल, ही दहा पावलांवर पलंगावर होती, जाऊन विचारायचं. हो, विचारायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण काय तोंडानं विचारणार? ज्या बाईनं शेवटचं म्हणून एक मागितलं, तिलाच जाऊन विचारू, की बाई गं, तुझा दात होता कुठे? मला ते जमलं नाही. मुलीलाही विचारलं नाही, ती तडक जाऊन आईला सांगणार. म्हातारपणी अब्रू फार नाजूक होते.

म्हणून फोटो शोधले. आणि फोटो म्हटला की ही ओठ मिटून बसायची. पन्नास-साठ फोटोंत एकसुद्धा दात नाही. शेवटी लग्नाचा सापडला, स्टुडिओतला. फोटो काढताना फोटोवाल्याचं स्टूल घसरलं होतं, तो धपकन खाली बसला आणि त्याच वेळी कॅमेऱ्याचा खटका उडाला. त्यात ही मोठ्यानं हसतेय, आणि शेजारी मी, नवा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर असा भाव की हे काय चाललंय. फोटोत दात स्वच्छ दिसत होता. हिच्या डावीकडे. समोरच्याचं डावं ते आपलं उजवं, हे मी तीनदा ताडून बघितलं. शिकाऊ नव्हतो मी. डावीकडे रोवला.

तो दात मी कधी नव्हे इतक्या प्रेमानं लावला. किती चढलेला, किती तिरका, फोटोवर भिंग धरून बघितलं. मनात ठरवूनच टाकलं होतं पुढे काय होणार ते. मी आरसा देणार. ही बघणार. हिच्या डोळ्यांत पाणी येणार. म्हणेल, अहो, किती बरोबर लक्षात ठेवलंत. सात वर्षांपूर्वीचं ते "छान झालीय" यात फिटून जाणार होतं. हे मी इतक्यांदा मनात पाहिलं होतं की ते झालंच आहे असं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल. मुलीनं उशी लावून हिला बसवलं. मी मेणाची कवळी हळूच तोंडात बसवली आणि आरसा दिला.

हिनं बघितलं. जीभ त्या दातावरून फिरवली. मग दुसऱ्या बाजूला फिरवली. मग माझ्याकडे बघितलं.

"अहो," ही म्हणाली, "हा भलत्याच बाजूला!"

आणि हसायला लागली. हसली म्हणजे कशी, पलंग हलला. पोट दुखत होतं तरी पोट धरून हसली. मुलगी आधी घाबरली, मग वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, उजवीकडे होता ना!" आणि तीही सुरू.

माझे कान तापले. मी आत जाऊन फोटो आणला आणि हिच्यापुढे धरला. "हे बघ. बघ इथे. डावीकडे आहे की नाही?"

"दात माझ्या तोंडात होता, फोटोच्या नाही," ही म्हणाली. तरी फोटो घेतला. जवळ धरला, लांब धरला. बराच वेळ बघत राहिली. मग हिला हसण्याची दुसरी उबळ आली, पहिलीपेक्षा मोठी. डोळे पुसत मला फोटो परत देत म्हणाली, "बरं बाई. फोटो म्हणतो तेच खरं."

"थट्टा पुरे," मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे. बदलून आणतो."

"राहू द्या हो. असाच पक्का करा."

"चुकीचं काम मी पक्कं करत नाही."

"एकदा करून बघा की."

मी कवळी काढून घेतली आणि निघालो. जाताना तो फोटो कपाटाच्या खालच्या खणात उलटा फेकला. मला हिचं पटलं म्हणून नाही. पण दोघी मायलेकी एका बाजूला झाल्या की त्या घरात बापाचं काही चालत नाही, आणि फोटो काही साक्ष द्यायला उठत नाही.

कामाच्या खोलीत आलो, बत्ती पेटवली, सुरी तापवली.  एवढं एक मागितलं होतं हिनं, आणि तेही मला नीट देता आलं नाही. शिकाऊ माणसाची चूक केली, तीही बायकोच्या तोंडात. सुरी दाताच्या बुडाशी नेली. मेण चकाकायला लागलं.

आणि मला आठवलं, मघाशी ही हसत होती तेव्हा हात कुठे होता?

हात पोटावर होता. दोन्ही हात. पोट धरलं, डोळे पुसले, पण तोंडावर एकदाही हात गेला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. मी तसाच सुरी धरून बसलो आणि मला सगळं कळलं, सात वर्षं उशिरा. सवय नव्हती ती. माझी कवळी होती. मी हिच्या तोंडात कुणाचेतरी सुंदर दात बसवले होते आणि ही बिचारी ते हातानं झाकत फिरत होती, मला वाईट वाटू नये म्हणून एक शब्द न बोलता. लग्नाआधी म्हटलं होतं ना, सरळ करीन. केला.

मी रडलो. दार लावलेलं होतं, बाहेर डॉक्टरांचं मशीन चालू होतं, कुणाला ऐकू गेलं नाही.

मग बत्ती विझवली. दात होता तिथेच ठेवला. कवळी साच्यात घातली, उकळली, काढली, घासली, चमकवली. चव्वेचाळीस वर्षांत मी जाणूनबुजून चुकीचं म्हणून केलेलं ते एकच काम.

ती कवळी हिनं अकरा दिवस वापरली.

त्या अकरा दिवसांत घरात जो कुणी आला त्याला ही ओठ वर करून दात दाखवायची. दूधवाला असो, नर्स असो, शेजारीण असो. "या, चमत्कार बघा. आमच्या ह्यांनी गावाच्या कवळ्या केल्या, आणि बायकोचा दात कुठे ते माहीत नाही!" डॉक्टर भेटायला आले तर त्यांनाही. मी कोपऱ्यात बसून दातओठ खायचो. रोज गोष्ट वाढत होती. पाचव्या दिवशी तर ही नर्सला सांगत होती, की बरं झालं बाई, डोळे करायला सांगितले नाहीत, तीन केले असते. नर्सला हसता हसता सुई टोचता येईना. मला तेव्हा त्या थट्टेचा राग येत होता, हे मला कबूल केलं पाहिजे. आज ती थट्टा ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

एकदा दुपारी मुलगी आंघोळीला गेली होती आणि आम्ही दोघंच होतो. ही म्हणाली, "खरं सांगू? आधीची कवळी कुणाच्याही तोंडात शोभली असती. ही दुसऱ्या कुणाला चालायची नाही."

"मलाही चालत नाही," मी म्हटलं. "बघवत नाही ती चूक."

"बघा की. बघत राहा. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्या तोंडाकडे इतकं कधी बघितलं होतं?"

 ही खरं बोलत होती. पुढचे दिवस मी खुर्ची समोर ओढून नुसता बघत बसलो. हिच्या वरच्या ओठावर एक बारीक तीळ होता. तो मला तेव्हा दिसला. एकेचाळीस वर्षांनी.

बाराव्या दिवशी सकाळी मी कवळी धुवायला नळावर गेलो होतो. मुलगी आईचे केस विंचरत होती. तिनं "बाबा" म्हणून हाक मारली, फार मोठ्यानं नाही. मी ओल्या हातात कवळी घेऊन आलो तोवर ही गेली होती. तोंड जरासं उघडं होतं आणि आत नुसत्या हिरड्या.

मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे आता."

मी म्हटलं, "नाही. ह्याच तोंडानं जायचं म्हणाली होती." कवळी टॉवेलला पुसली आणि बसवली. थोडा वेळ अंगठ्यानं दाबून धरावी लागते, तशी धरली. दुखतंय का, असं माझ्या तोंडून निघून गेलं. प्रत्येक पेशंटला विचारतो ना मी.

तीन आठवड्यांनी मुलगी परत जायला निघाली. जाण्याआधी तिनं मोबाइलमधला एक फोटो छापून चौकटीत बसवून आणला. नर्सच्या त्या तीन डोळ्यांच्या दिवशीचा. ही हसतेय, मान मागे टाकून, दात दिसतोय. मुलगी म्हणाली, "लग्नाचा फोटो काढा ना बाबा, दोन्ही शेजारी शेजारी लावू."

मी खालच्या खणातून तो काढला, धूळ पुसली आणि दोन्ही टेबलावर ठेवले. दोन्हीकडे ही हसत होती आणि दोन्हीकडे दात एकाच बाजूला, डावीकडे. बघणाऱ्याला वाटेल, काय कमाल केलीय कवळीवाल्यानं.

माझं डोकं फिरलं. पण उजवीकडे होता ना? दोघी म्हणत होत्या ना? मी लग्नाचा फोटो उचलून उजेडात नेला. नव्या शर्टातला मी बघितला, खिशाला पेन. आणि तो खिसा माझ्या उजवीकडे होता.

उजवीकडे. पुरुषाच्या शर्टाला खिसा उजवीकडे कधी असतो? फोटोवाल्यानं फोटोच उलटा छापला होता! स्टूलवरून पडलेला माणूस तो, निगेटिव्ह उलटी घातली आणि दिला छापून. एकेचाळीस वर्षं तो उलटा फोटो आमच्या घरात होता आणि मी शिकाऊ माणसासारखा त्यावर भिंग धरून बसलो होतो. पण चूक माझी नव्हती. माझी नव्हती!

"अगं ए!" मी ओरडलो. "इकडे बघ! खिसा बघ माझा! चूक माझी नव्हती!"

आणि फोटो घेऊन खिडकीकडे वळलो. पलंग आम्ही मागच्या आठवड्यात काढून टाकला होता.

मुलीनं येऊन माझ्या हातातला फोटो धरला. म्हणाली, "बाबा, आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही त्या दिवशी फोटो दाखवलात ना, तेव्हाच तिच्या लक्षात आलं. तुम्ही गेल्यावर मला म्हणाली, खिसा बघ ह्यांचा. आणि म्हणाली, सांगशील तर खबरदार. कळलं तर सुरी घेऊन बसतील आणि बरोबर करून आणतील."

मी खाली बसलो. असा राग आला हिचा की काय सांगू. अकरा दिवस दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांपुढे मला वेडा ठरवलं, आणि उत्तर स्वतःकडे ठेवून गेली. आता भांडायला कुणाशी जाऊ? मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी हसत होतो की रडत होतो ते तिलाही कळलं नसावं, मलाही कळलं नाही.

आणि हेही खोटं नाही, की खिसा सापडला म्हणून मी सुटत नाही. फोटोवाल्याची चूक फोटोवाल्यापाशी. मला फोटो बघायची वेळ आली, ती चूक माझी.

थोड्या वेळानं मुलगी म्हणाली, "दुकानात देऊन सरळ छापून आणू का? हल्ली लगेच होतं."

"राहू दे," मी म्हटलं. "असाच राहू दे."

मी खिळा ठोकला, तिनं फोटो टांगले. संध्याकाळी तिला गाडीवर सोडून आलो, दिवा लावला आणि खुर्ची ओढून त्या दोन फोटोंसमोर बसलो.

उजवीकडे होता. आता पाठ आहे मला. झोपेतून उठवून विचारा, लगेच सांगेन. पण आता ते विचारत कुणी नाही.